नालेचं तोंड

बाबांनी डाव्या हातानं काढलेली नाल मी उलटी फिरवली आणि तशीच पाथरवटाला दिली. एवढीच गोष्ट आहे. पण ती सांगायला बसले की मला एका जागी बसवत नाही, म्हणून आधी सरळ सांगून टाकते.

बाबा फौजेत होते. बंदूकवाल्या पलटणीत नव्हे, खच्चरांच्या कंपनीत. जिथं ट्रक चढत नाही तिथं रॉकेल, आटा, दारूगोळा सगळं खच्चरांच्या पाठीवर जायचं, आणि एकेका खच्चराच्या लगामाला एकेक माणूस. गावात लहानपणी पोरं मला "खच्चरवाल्याची" म्हणायची. मी मारामारी करून यायचे. बाबा हसायचे आणि म्हणायचे, खच्चर तुह्या मास्तरापेक्षा हुशार असते.

त्या कंपनीची खूण म्हणजे नाल. हिरव्या कापडावर पांढऱ्या दोऱ्याची, दंडावर शिवलेली. ती मी कधी पाहिलेली नाही. बाबांची वर्दी ज्या लाकडी पेटीत होती त्या पेटीला उधई लागली आणि वर्दीसकट बिल्ल्याची माती झाली. एक फोटो आहे स्टुडिओतला, पण त्यात बाबा नेमके तिरपे उभे आहेत आणि बिल्ल्याचा दंड पलीकडं. कंपनीही आता नाही. डोंगरात रस्ते झाले, यंत्रं आली, खच्चरं कमी झाली. कुठंतरी एका कागदावर सही झाली असेल आणि ती माणसं दुसरीकडं वाटली गेली असतील. म्हणजे ती खूण आज कुणाच्याच दंडावर नाही.

गेल्या डिसेंबरात आमच्या गावच्या ग्रामसभेत ठरलं की चौकात फौजींच्या नावांचा दगड बसवायचा. आमचं गाव वडनेरच्या अलीकडं, फार मोठं नाही. सात नावं निघाली. वर कुणाच्या पलटणीची खूण घ्यायची यावर जरा बाचाबाची झाली. शेवटी सरपंचबाई म्हणाल्या, फौजेत पहिले जो गेला त्याची घ्या. पहिले बाबा गेले होते. मग सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं, कारण बाबांना दोन वर्षांपूर्वी लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि बोलणं जवळजवळ गेलं. हो, नाई, जा, असे चार-दोन शब्द उरलेत. कुणीतरी म्हणालं, पोरगी शिकलेली हाय, थे करन बरोबर.

शिकलेली आहे हे खरं आहे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढं गेलं नव्हतं. मी हिंगणघाटला रोज जाऊन-येऊन बीए केलं, इतिहास घेऊन, आणि आता तिथंच एका शाळेच्या ऑफिसात कारकून आहे. मला त्याचा अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. पण या गोष्टीत जे वाकडं झालं ते त्या अभिमानानंच झालं, हेही लपवत नाही.

मी बाबांपुढं कागद आणि पेन्सिल ठेवली. म्हटलं, कंपनीची खूण काढून दाखवा. डाव्या हातानं काढायला त्यांना अर्धा तास लागला. नाल निघाली. तोंड खाली, गोलाई वर. अगदी आमच्या दाराच्या चौकटीवर ठोकलेली असते तशी. मी कागदाकडं पाहिलं, मग चौकटीकडं पाहिलं आणि मनातल्या मनात ठरवून टाकलं की बाबांची आठवण आता घराबाहेर जात नाही. समोर दिसली ती नाल त्यांनी काढली.

मग मी मोबाइलवर शोधायला बसले. दोन-तीन दिवस शोधलं. जुने बिल्ले जमवणाऱ्या कुणाच्या तरी संग्रहात एक पितळी बिल्ला सापडला. खच्चरांच्याच तुकडीचा, इंग्रज साहेबांच्या काळातला. वर मुकुट, खाली नाल, आणि नालेचं तोंड वर. खाली दोन ओळी होत्या. तोंड वर असलं की नाल पेल्यासारखी होते, नशीब तिच्यात साठून राहतं, उलटी केली की सांडतं, अशी साहेब लोकांची समजूत. वाचून मला इतकं बरं वाटलं. कॉलेजात शिकलेलं सगळं जागेवर बसत होतं. स्वातंत्र्यानंतर फौजेच्या बिल्ल्यांवरचा मुकुट गेला आणि तिथं सिंहांची राजमुद्रा आली, बाकी नक्षी बहुतेक ठिकाणी तीच राहिली. म्हणजे मुकुट काढायचा आणि नाल तशीच ठेवायची. ग्रामसेवकांनी सांगितलं की राजमुद्रा आपल्याला अशी दगडावर घेता येत नाही. म्हटलं, मग नुसती नाल घेऊ.

हे सगळं मी पंचायतीत उभं राहून सांगितलं. मुकुट, सिंह, पेला, नशीब. लोकांनी माना डोलावल्या. कुणाला शंका येण्याचं कारणही नव्हतं. आमच्याकडं बैलांना पत्री मारतात. बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून पत्र्याही दोन, अर्ध्या-अर्ध्या. अख्खी नाल गावात कुठल्याच जनावराच्या पायाखाली नसते. ती फक्त दारावर असते.

बाबांना मात्र मी दाखवलं नाही. वेळ नव्हता, असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं. वेळ होता. त्यांनी डोकं हलवून नाही म्हटलं असतं तर मला परत विचार करावा लागला असता, आणि माझा विचार करून झाला होता.

पाथरवट हिंगणघाटला नदीच्या वाटेवर बसतो. म्हातारा माणूस, पाट्या-वरवंट्यांना टाकी लावतो, समाध्यांचे दगड करतो. त्यानं काळ्या दगडावर नावं खोदली आणि वर नाल उठावाची केली, म्हणजे दगडातून बोटभर वर आलेली. छान केली होती. सव्वीस जानेवारीच्या आठ दिवस आधी दगड चौकात चुन्या-सिमेंटात बसला. वरून पोतं झाकलं. मी पोतं जरा वर करून फोटो काढला आणि घरी आले.

बाबा ओसरीत खुर्चीवर बसले होते. मी फोटो पुढं धरला. त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग डाव्या हातानं मोबाइल बाजूला सारला आणि तोंड भिंतीकडं केलं.

मला वाटलं भरून आलं असेल.

दुपारी जेवले नाहीत. संध्याकाळी तुरीच्या सोल्यांचा, ओल्या दाण्यांचा भात केला होता, त्यांच्या आवडीचा. दोन घास खाऊन ताट सरकवलं. दुसऱ्या दिवशी आईनं सव्वीस तारखेसाठी त्यांचा कोट उन्हात टाकला तर त्यांनी काठीनं तो दोरीवरून खाली पाडला. आईनं झटकून परत टाकला. त्यांनी परत पाडला.

मग माझं काही खरं राहिलं नाही. ऑफिसात बसले की वाटे नावात चूक झाली, गाडी काढून परत गावात यावं, पोतं उचलावं, नाव वाचावं. नाव बरोबर होतं. हुद्दा बरोबर होता. वेलांट्या बरोबर होत्या. परत ऑफिस. चहा ओतला की प्यायची आठवण राहीना. फोटो मोठा करून-करून पाहिला. बाकी सहा नावं तपासली. बाबांच्या नावाच्या वर काही आलंय का, खाली काही आलंय का. घरी येऊन विचारलं, बाबा, नाव चुकलं का? त्यांनी मान हलवली, नाई. हुद्दा? नाई. मग काय? ते माझ्याकडं बघत राहिले. इतक्या वर्षांत बाबांनी माझ्याकडं कधी असं पाहिलं नव्हतं. रागानं नव्हे. अनोळखी माणसाकडं पाहावं तसं.

नालेबद्दल मी विचारलं नाही. ती माझ्या डोक्यात बरोबरच होती.

चौथ्या दिवशी सकाळी आईनं आंगणात सडा टाकला होता. शेणाचा, ओला, फाटकापर्यंत सारखा. मी गाडी बाहेर काढत होते. बाबांनी काठी उचलून चौकटीवरच्या नालेला टोचली. एकदा, दोनदा. आईला वाटलं खिळा सैल झाला. तिनं पाटावर उभं राहून पकडीनं खिळे काढले, नाल खाली घेतली आणि पदरानं पुसली. बाबांनी हात पुढं केला.

नाल घेऊन ते ओसरीच्या खांबाला धरत खालच्या पायरीवर बसले. मी गाडी स्टँडवर लावून धावले, पडतील म्हणून. त्यांनी काठीनं मला थांबवलं. मग वाकले आणि ओल्या सड्यात नाल दाबली. गोलाई फाटकाकडं, तोंड स्वतःकडं. उचलली. खाली ठसा. जरा पुढं परत दाबली. परत पुढं. हात पुरला तिथवर चार ठसे केले. मग नाल माझ्या हातात दिली आणि काठीनं पुढं दाखवलं. मी दाबत गेले, ते दाखवतील तशी, फाटकापर्यंत. आईचा सगळा सडा खराब झाला. 

काठीनं त्यांनी मला परत बोलावलं. स्वतःच्या मागं उभं राहायला लावलं.

तिथून मला दिसलं. एक जनावर आमच्या पायरीपासून निघून फाटकाकडं चालत गेलं होतं. प्रत्येक पावलाची गोलाई पुढं, प्रत्येक तोंड आमच्याकडं.

बाबांनी नाल परत मागितली. बाजूला एकच ठसा उलटा केला, तोंड फाटकाकडं. त्याच्याकडं बोट केलं, मग माझ्या खिशातल्या मोबाइलकडं बोट केलं. आणि चपलेनं तो ठसा पुसून टाकला.

आई मागून हळू आवाजात बोलायला लागली. ती शाळेत गेलेली नाही. तिनं जे सांगितलं ते असं. वर बर्फात रस्ता दिसत नाही. पुढचं खच्चर गेलं की मागचा माणूस त्याच्या खुरांचे ठसे बघत चालतो. ठशाचं तोंड आपल्याकडं असलं म्हणजे जनावर पुढं चाललंय, आपणही चालायचं. तोंड पलीकडं असलं म्हणजे जनावर माघारी आलंय, पुढं वाट नाही. साहेबांची नाल तोंड वर होती ती खरीच होती. साहेब गेल्यावर यांच्या कंपनीतल्या जुन्या लोकांनी ती फिरवून घेतली. म्हणाले, नशीब सांडलं तर सांडू द्या, आपण पुढं जाणारे लोक हाओत.

"तुले हे माहीत होतं?" मी म्हटलं.

"मले तं लगनाच्या साली सांगितलं त्यायनं."

"मंग बोलली काऊन नाई?"

"तू इचारलं काय?" ती म्हणाली. "तू तं कागद घेऊन गेलती हिंगणघाटले."

मी विचारलं, दारावर ही नाल कुणी ठोकली. ती म्हणाली, कोण ठोकन, तुह्या बाबानंच. घरी येताना त्यांच्या खच्चराच्या पायातली एक नाल त्यांनी संगं आणली होती. आल्या दिवशी चौकटीवर ठोकली, कंपनीत होती तशी. आमच्या गल्लीतल्या लोकांनी ती पाहिली आणि बाजारातून एकेक नाल आणून आपापल्या दारावर तशीच ठोकली, तोंड खाली. त्या दिवशी मी गल्लीतून चालत गेले आणि मोजल्या. नऊ दारं. नऊही आमच्या दारासारखी. मला वाटलं होतं बाबांनी दार पाहून खूण काढली. सगळ्या गल्लीनं खूण पाहून दारं सजवली होती, आणि त्या गल्लीत मी लहानाची मोठी झाले.

आता दगडावर सात नावांच्या वर, पहिल्या नावाच्या डोक्यावर, माघारी येणारं खच्चर होतं. बाबांना ते गावापुढं, झेंड्यापुढं बसून बघावं लागणार होतं. कोट त्यांनी म्हणून पाडला.

हे तीनच माणसांना माहीत होतं, हेही मला त्याच क्षणी कळलं, आणि ते कळणं काही चांगलं नव्हतं. कंपनी नाही. बिल्ला नाही. बाबांना बोलता येत नाही. आई कुणाला सांगायला जाणार नाही. मी गप्प बसले असते तर जगात कुणाला पत्ता लागला नसता. पंचायतीत मी उभं राहून सांगितलेला मुकुट आणि पेला तसाच राहिला असता. मी गाडी सुरू केली, बंद केली, परत सुरू केली. ऑफिसच्या रस्त्याला लागले आणि चौकातून वळून सरपंचबाईंच्या घरी गेले.

त्या कापूस वेचायला निघाल्या होत्या. ऐकून घेतलं. म्हणाल्या, पत्रिका वाटून झाल्या, तहसीलातून साहेब येऊन राह्यले, चार दिवस उरले.

"नालच हाय ना थे, ताई? उलटी काय न सुलटी काय. पाहून कोण राह्यलं?"

"बाबा पाहून राह्यले," मी म्हटलं.

त्यांनी डोक्यावरचं फडकं नीट केलं. म्हणाल्या, दगड हलवायचा नाही, नावाला धक्का लागायचा नाही, सव्वीसच्या आत व्हायला पाहिजे. आणि लोकांनी विचारलं तर सांगायचं तुम्ही. मी हो म्हटलं.

पाथरवटानं आधी नाहीच म्हटलं. मॅडम, कागद तुमचाच होता, म्हणाला. मी म्हटलं, माझाच होता, चूक माझी. तो मग म्हणाला की दगडात घालता येत नाही, फक्त काढता येतं. उठावाची नाल कापून सपाट करावी लागणार आणि नवी करायची तर आणखी खाली जावं लागणार. म्हणजे नाल आता वर येणार नाही, खोल जाणार. एका थाळीएवढा खळगा पडेल. चालन काय? मी म्हटलं, विचारून सांगते. पहिल्यांदाच.

घरी येऊन बाबांना सगळं सांगितलं. खळगा हातानं करून दाखवला. ते म्हणाले, हो.

दोन दिवस म्हातारा चौकात छिन्नी-हातोडा घेऊन बसला. वर ताडपत्री. मी रजा टाकली. तिथं माझं काही काम नव्हतं, पण बसवतही नव्हतं आणि जाववतही नव्हतं. येणारा-जाणारा थांबायचा. काय झालं? दगड फुटला काय? प्रत्येकाला मी सांगितलं. पहिल्या दोघा-तिघांना सांगताना कान गरम झाले, मग सवय झाली. चहाच्या टपरीवरचा काका लांबूनच म्हणाला, "काऊन वं बाई, दगड नापास झाला काय?"

"दगड नाई, मी."

तो हसला. मग उठून आला आणि म्हाताऱ्याला चहा दिला. माझ्या हातात पण एक कप दिला. तो मी प्यायले.

कापसाच्या गाड्या जात होत्या. रस्त्याच्या मातीत बैलांचे खूर उमटत होते, दोन-दोन फाकांचे. इतकी वर्षं मी त्या रस्त्यानं शाळेत आणि कॉलेजात गेले आणि कुठला बैल कुठं चाललाय हे खाली बघून कधी वाचलं नाही. त्या दिवशी वाचत बसले. सोपं असतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी म्हाताऱ्यानं खळग्यातली पूड फुंकली. मी म्हटलं, आधीची छान दिसत होती, वर आलेली. त्याच्या मेहनतीचं वाईट वाटून म्हटलं. तो छिन्न्या पोत्यात गुंडाळत होता.

"खुराचा माग वर येते काय कधी?" तो म्हणाला. "खालीच राह्यते."

सव्वीसला सकाळी बाबांनी काठीनं कोट दाखवला. आईनं घालून दिला, बटणं लावली. शेजाऱ्यांनी खुर्चीसकट उचलून त्यांना चौकात नेलं. झेंडा झाला. पोतं काढलं. सरपंचबाईंनी माइक माझ्या हातात दिला, खुणेबद्दल सांगा म्हणून. माझं भाषण तयार होतं, मुकुटापासून सुरू होणारं. मी एवढंच सांगितलं की बर्फात ठशाचं तोंड आपल्याकडं असलं की पुढचा माणूस पुढं गेलेला असतो, आणि हे मला बाबांनी शिकवलं, दगड चुकल्यावर. टाळ्या थोड्याच वाजल्या. लोकांना बहुतेक मोठं भाषण पाहिजे होतं.

सगळे जिलेबीकडं गेल्यावर मी खुर्ची सरकवत दगडाजवळ नेली. बाबांनी डावा हात खळग्यात घातला. एका टोकापासून गोलाईवरून दुसऱ्या टोकापर्यंत बोट फिरवलं. मग परत. त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता. मी मागं उभी होते.

घरी आल्यावर चौकट मोकळी दिसली. नाल ओसरीतच पडून होती. आई म्हणाली, ठोकून टाक आता, तसं ठेवू नाई. मी पाटावर चढले. नाल हातात घेतली आणि माहीत असूनही मागं वळून बाबांना विचारलं, अशी? त्यांनी मान हलवली, हो.

चौकटीच्या लाकडात जुन्या खिळ्यांची तीन भोकं होती. एक वर गोलाईला, दोन खाली टोकांना. नाल फिरवून पाहिली असती तर बसलीच नसती. इतकी वर्षं ती माझ्या डोक्यावर होती. मी खिळा लावला, हातोडी उचलली.

"बोट," बाबा म्हणाले.

मी बोट बाजूला घेतलं आणि ठोकलं.